घरी शिकणाऱ्यांचा जून

जूनचा मध्य आला की मराठी मुलखात शाळांची घंटा वाजते. विदर्भात उन्हामुळे ती जरा उशिरा वाजते, एवढंच. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकखरेदीमुळे पाय ठेवायला जागा नसते, व्हॅनवाले काका नव्या मुलांच्या इमारती शोधत फिरतात, पहिलीच्या वर्गाला तोरण लागतं. याच दिवसांत काही मोजक्या घरांत आठ-नऊ वर्षांचं मूल सकाळी निवांत गादीवर लोळत गोष्टीचं पुस्तक वाचत असतं. त्याला गणवेश नाही, हजेरी नाही. आईवडिलांनी विचार करून त्याला शाळेत घातलेलं नाही किंवा शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू त्याला दर जूनला एकच प्रश्न विचारतात, ‘कितवीत गेलास रे?’ आणि मूल आईकडे बघतं.

या मुलांबद्दल आपला कायदा फारसं बोलत नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्यात पालकाचं कर्तव्य मानलं आहे. पण तसं न करणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा नाही आणि घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगीही नाही. पुढची वाट मात्र मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत, वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर तिथूनच दहावीही देता येते. थोडक्यात, मूल परीक्षेला बसेपर्यंत त्याचं काय चाललं आहे, हे कोणीही विचारत नाही.

सगळीकडे असं नसतं. जर्मनीत घरच्या शाळेला जवळपास मज्जावच आहे. न्यू यॉर्क राज्यात ती चालते. पण तिथे घरी शिकवणाऱ्या मराठी आईबापांनाही वर्षाच्या सुरुवातीला स्थानिक शाळा-जिल्ह्याकडे लेखी आराखडा द्यावा लागतो, दर तिमाहीला अहवाल पाठवावा लागतो आणि पहिली ते सहावीच्या मुलासाठी वर्षाला ९०० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. एक तर बंदी, नाहीतर हिशेब. आपल्याकडे दोन्ही नाही आणि अनेक पालकांना हेच सुख वाटतं. आम्हाला मात्र तिथेच धोका दिसतो.

कारण महाराष्ट्रात शाळेला इतिहासाचं वजन आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दोनच वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्यांनी झगडून मिळवलेली जागा म्हणजे शाळेचा बाक. तो बाक आपल्या मुलाला नको म्हणणं हा ज्याचा त्याचा अधिकार असेल. पण तो बाक जे देत होता, ते दुसरीकडून मिळवून देण्याची जबाबदारी त्याबरोबर येते.

घर काय देऊ शकतं, याबद्दल आम्हाला शंका नाही. एक साधं उदाहरण घ्या. पाण्याची सरळ बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यात बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची आणि बाटली गच्चीत, भिंतीपासून दूर ठेवायची. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळेच्याच वेळेला, पाणी किती चढलं ते मुलाने वाचायचं, वहीत लिहायचं आणि पेपरातल्या आकड्याशी ताडून बघायचं. तिसऱ्याच दिवशी प्रश्न येतो : आपल्याकडे २३ मिलिमीटर आणि वेधशाळेत ४१ कसे? मग बाटलीचा तळ सपाट नाही, हे लक्षात येतं. एकाच शहरात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, हेही कळतं. वजाबाकी, आलेख, नकाशा, सगळं त्यामागून येतं. पस्तीस मिनिटांचा तास आणि समोर पन्नास मुलं असताना बाईंना हे किती दिवस जमेल? घरी ते चार महिने चालू शकतं. हीच घरच्या शाळेची खरी कमाई.

पण त्याच गच्चीत मूल एकटं असतं. भांडण, खेळात हरणं, डब्यातली वेगळी भाजी, आपल्यासारखं न बोलणारा शेजारी, हे घरात मिळत नाही. छंदवर्गांत जमतात ती बहुतेक आपल्याच उत्पन्नगटातली मुलं. शिवाय घरच्या शाळेचा भार बहुतेक वेळा आईवर पडतो. ‘आम्ही दोघांनी ठरवलं’ असं सांगताना नोकरी कोणी सोडली, हे विचारलं की अनेक घरांत उत्तर एकच येतं.

म्हणून जून हाच या घरांनी स्वतःला प्रश्न विचारण्याचा महिना. सरकार आराखडा मागत नसेल, तर तो स्वतः लिहावा. एक पानभर पुरे : यंदा मूल काय वाचेल, कोणतं गणित पक्कं करेल, हाताने काय बनवेल. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. ती पाठ करायला नव्हे, आपण कुठे आहोत हे बघायला जवळ ठेवावीत. मुलाला त्या पानावर स्वतःच्या दोन ओळी लिहू द्याव्यात. दिवाळीला आणि एप्रिलमध्ये ते पान घराबाहेरच्या एखाद्या माणसाला दाखवावं. निवृत्त शिक्षक असेल तर उत्तमच. जोडाक्षरं अडतात, सातचा पाढा येत नाही, हे आईबापाच्या मायेला दिसत नाही. तिऱ्हाइताला पाच मिनिटांत दिसतं. आठवड्यातल्या काही संध्याकाळी वस्तीतल्या मैदानावर, सार्वजनिक वाचनालयात, जिथे कोणत्याही घरातलं मूल येऊ शकतं तिथे जाव्यात. आणि शिकवण्याचे वार बापानेही वाटून घ्यावेत.

सरकारचंही काम आहे. अशा मुलांची साधी नोंद, वर्षातून एक भेट आणि जवळच्या शाळेचं मैदान, प्रयोगशाळा वापरण्याची मुभा, एवढं केलं तरी पुरे. नोंद झाली की हौसेने घरी शिकणारं मूल आणि परिस्थितीने शाळेबाहेर राहिलेलं मूल, यांतला फरक यंत्रणेला कळेल. दुसऱ्याला शाळेत आणणं हे तिचं पहिलं कर्तव्य आहे. पहिल्याच्या नावाआड दुसरं लपता कामा नये.

शाळा नाकारता येते, उत्तरदायित्व नाकारता येत नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांनो, या जूनमध्ये पहिलं पान तुम्ही लिहा, आणि ते वाचायला घराबाहेरच्या कोणाला तरी द्या.