हिमनगापासून चार हात दूर

अंटार्क्टिकाच्या क्रूझची चौकशी करणारे वाचक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: कयाकिंगचे जादा पैसे भरावेत का? तब्येत धडधाकट असेल आणि वल्हं आधी कुठेतरी हातात घेतलं असेल, तर जरूर भरा. फक्त निळ्या हिमनगाला जवळजवळ टेकलेली कयाक, हा जाहिरातीतला फोटो डोक्यातून काढून टाका.

प्लेनो बेटाजवळ समुद्र उथळ आहे. वाऱ्याने आणि प्रवाहाने लोटलेले हिमनग तिथे येऊन तळाला टेकतात आणि अडकून पडतात. गाईड मंडळी या जागेला हिमनगांचं स्मशान म्हणतात. सोबतच्या रबरी बोटीचं इंजिन थांबलं की पाण्यावरून बारीक तडतड ऐकू येऊ लागते. हिमनदीत बर्फाचे थर दाबले जाताना आत कोंडलेली जुनी हवा वितळत्या बर्फातून बुडबुड्यांनी फुटत असते. जहाजाच्या डेकवर, इंजिनाच्या घरघरीत, हा आवाज कुठला कानावर पडायला! कयाकचे पैसे माझ्या मते इथेच वसूल होतात, आणि त्यासाठी हिमनगाला खेटायची मुळीच गरज नसते.

खेटू नयेच. हिमनगाचा जवळपास नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. लाटा त्याला पाण्याच्या पातळीशी कोरत जातात, खालून समुद्र वितळवत राहतो, वरून एखादा कडा तुटून पडतो. तोल बिघडला की तासन् तास निश्चल दिसलेला तो डोंगर बघता बघता उलटतो. पाण्याखाली पुढे आलेला त्याचा भाग तेव्हा थेट कयाकखालूनही वर येऊ शकतो. शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात पडल्यावर पहिल्याच क्षणी धाप लागते. ड्रायसूटमुळे अंग कोरडं राहतं, पण बोटं लवकर बधिर होतात. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर बोटवाल्यांना एक नियम सांगतात: हिमनगाच्या लांबीइतकं किंवा उंचीच्या दुप्पट, यांतलं जे जास्त असेल तेवढं अंतर ठेवा. ऐंशी मीटर लांबीचा हिमनग असेल तर निदान ऐंशी मीटर दूर.

तरीही ‘अजून थोडं जवळ घ्या ना’ म्हणून गाईडला गळ घालणारे असतातच. (प्लेनो हे नाव शार्को यांच्या १९०३-०५च्या फ्रेंच मोहिमेतल्या छायाचित्रकाराचं. फोटोचा मोह या बेटाच्या नावातच आहे.) लाखांनी पैसे मोजले म्हणून हा हट्ट रास्त ठरत नाही. पाण्यात पडलेल्या एका माणसासाठी गाईडला सगळा गट वाऱ्यावर सोडून धावावं लागतं, आणि सुसज्ज रुग्णालय तिथून ड्रेक सामुद्रधुनीच्या पलीकडे, समुद्रमार्गे दोन दिवसांवर असतं.

जहाज कंपन्यांच्या ‘आयाटो’ या संघटनेने १९९१पासून स्वतःवर बंधनं घालून घेतली आहेत: किनाऱ्यावर एका वेळी शंभराहून जास्त पर्यटक नकोत, पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाने कुणाला उतरवूच नये. हे सारं पर्यटकाने साथ दिली तरच टिकतं. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा: एका गाईडमागे किती कयाक? बचावाची बोट पूर्ण वेळ सोबत असते का? नवख्यांना आधी सराव देता का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी कंपनी शोधा. आणि वाऱ्यामुळे गाईडने सकाळची फेरी रद्द केली, तर कृपा करून त्याच्याशी वाद घालू नका.