डब्यातली उरलेली गोळी

मंडळी, आज जरा रागावून लिहिणार आहे. आणि पहिला राग माझ्यावरच.

भाची बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. सातवा महिना, त्यात रत्नागिरीचा मे. लघवीला जळजळ होते म्हणाली. मी म्हटलं, "अगं, उन्हाळे लागलेत. शहाळं पी, धन्याजिऱ्याचं पाणी पी." दोन दिवसांत उतार पडेना, तेव्हा औषधांचा डबा काढला. यांच्या जुन्या दुखण्यातल्या चार अँटिबायोटिक गोळ्या उरल्या होत्या. दिल्या! फणसाच्या आठळ्यासुद्धा जपून ठेवणारी आम्ही माणसं, गोळ्या कशा टाकणार?

पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, कमरेत कळा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. लघवीचं कल्चर केलं. जंतू ई-कोलाय निघाला आणि माझ्या गोळीला तो दाद देणाराच नव्हता. मग ॲडमिट, शिरेतून इंजेक्शनं. आता बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून लिहायला हात धजतोय.

'उन्हाळे' या शब्दानंच घात केला. दर वेळी ती उष्णता नसते हो! गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, गर्भाशयाचा दाब पडतो, लघवी तुंबते आणि जंतूंचं फावतं. शंभरातल्या २ ते १० गरोदर बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. उपचार झाले नाहीत तर त्यातल्या ३० टक्क्यांपर्यंत बायकांच्या मूत्रपिंडाला संसर्ग होऊ शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचाही धोका असतो. शिवाय काही अँटिबायोटिकं गरोदरपणात चालतच नाहीत. हे डब्याला काय ठाऊक?

आता कायद्याचं. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातली अँटिबायोटिकं विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं असतं. पाकिटावरच्या लाल रेघेचा अर्थ 'चिठ्ठीशिवाय नको' असा, हे सरकारनं २०१६ मध्ये सांगितलं. पण काउंटरवर "जळजळीची गोळी द्या हो" म्हणणारे आपणच ना? फ्लेमिंगसाहेबांनी १९४५ सालीच नोबेलच्या भाषणात बजावलं होतं, की अपुरा डोस घ्याल तर जंतू पेनिसिलिनला निर्ढावतील. अर्धवट सोडलेला कोर्स आपल्या घरापुरता राहत नाही. निर्ढावलेला जंतू शेजारच्या सुनेलाही गाठतो.

कुणी म्हणेल, "बाई, डॉक्टरची फी, लांबची लॅब, दोन-तीन दिवसांची वाट... गरिबानं काय करावं?" खरं आहे. मग कल्चरची सोय तालुक्यापर्यंत यावी म्हणून भांडूया, मी पुढे होते. पण सोय नाही म्हणून चुकीची गोळी बरोबर ठरत नाही. गणित अवघड आहे म्हणून उत्तर ठोकून दिलं तर मी कधी मार्क दिले नाहीत.

आमचा डबा मी रिकामा केलाय. तुमच्या डब्यात काय आहे? आजच उघडून बघा. आणि घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्याच तपासणीत विचारा, "लघवीचं कल्चर झालं का?"