अंगण खरंच वाकडं असतं!

मी मराठी विभागात लिहायचं म्हणजे विनोदच आहे. शाळा लोणावळ्यातली कॉन्व्हेंट. मराठीचे तास मोजके, आणि निबंधाच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांमुळे लाल शाईचा पूर! तेव्हा चुका पोटात घाला. पण त्याच मोजक्या तासांत शिकलेली एक म्हण गेलं वर्षभर माझ्या डोक्यात घोळते आहे : नाचता येईना, अंगण वाकडे. माझं स्पष्ट मत असं, की घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांना ही म्हण लागू नाही. आपलं अंगण खरोखरच वाकडं असतं. आणि ते सरळ करायचं सोडून आपण घुंगरू बदलत बसतो.

आमचा बँड चौघांचा. गिटार, बेस, ढोलकी आणि गायला मी. ढोलकी हीच आमची ओळख. ढोलकीवाला कामशेतजवळच्या एका वाडीतला, रोज लोकलने कॉलेजला येणारा. गेल्या पावसाळ्यात एका फेस्टिव्हलच्या प्राथमिक फेरीसाठी डेमो मागवले होते. बेसवाल्याच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे, साधारण तीन मीटर बाय तीन मीटर. तिच्यातला पलंग, कपाट, गाद्या सगळं बाहेर काढून आम्ही तिचा 'स्टुडिओ' केला. मधोमध एक साधा माईक, चार भिंतींना आम्ही चौघे. परीक्षकांचा शेरा एका ओळीचा आला : रेकॉर्डिंग अतिशय खराब, शब्द कळत नाहीत.

झालं! सगळा दोष माईकवर. नवीन कंडेन्सर माईक आणि ऑडिओ इंटरफेस घ्यायचा, प्रत्येकी पाच हजार काढायचे असं ठरलं. ठरलं कसलं, मीच ठरवलं. "चांगला माईक नसेल तर डेमो पाठवण्यात काही अर्थच नाही," असं मी अगदी ठासून म्हटलं. ढोलकीवाला म्हणाला, "बघतो." मग त्याचे प्रॅक्टिकल निघाले, मग घरची भातलावणी निघाली, मग तो फोनच उचलेना. आम्ही म्हटलं, याला इंटरेस्टच नाही! तिघांनी जास्तीचे पैसे घालून माईक आणला आणि ढोलकीच्या जागी कॉम्प्युटरमधला ठेका टाकला.

दुसरा डेमो पहिल्यापेक्षा वाईट झाला. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. त्यातला प्रत्येक थेंब पत्र्यावर कसा पडतो ते त्या महागड्या माईकने इमानेइतबारे टिपलं होतं. शिवाय पंखा, घाट चढून आलेल्या गाडीचा भोंगा, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी, डब्यात तोंड घालून गाणारी मी.

डोकं धरून बसलो असताना बेसवाल्याची आजी चहा घेऊन आली. आमचं रडगाणं ऐकलं आणि म्हणाली, "आरं पोरांनू, घर रिकामं केल्याव आवाज घुमनारच की! त्या वाकळा बाहेर कशापायी काढल्या?"

मित्रांनो, एम-थ्रीच्या पेपरात फोरियर लिहून आलेल्या तीन भावी इंजिनिअरांना जे सुचलं नाही, ते आजीने चहाच्या कपाबरोबर सांगितलं. घर बदलताना, सामान हलवल्यावर रिकाम्या खोलीत बोललोय की आपण सगळेच!

मग पुस्तकं उघडली. कार्ल्याच्या चैत्यगृहात कधी टाळी वाजवून पाहा. आत सुमारे चाळीस मीटर लांबी. मागच्या भिंतीवरून आवाज परत यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणून तो घुमताना कळतो. आमच्या खोलीत तीन मीटरवरची भिंत तोच आवाज सतरा-अठरा मिलिसेकंदांत परत पाठवते. कानाला तो वेगळा कळत नाही, मूळ आवाजात मिसळून त्याचा 'डबा' करतो. त्यातून समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक लहर ठाण मांडून बसते. ३४३ भागिले सहा, म्हणजे सुमारे ५७ हर्ट्झ. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची! ती वाजली की खोली बोंबलायची आणि आम्ही बिचाऱ्या ॲम्प्लिफायरला शिव्या घालायचो.

आजीच्या वाकळा आणि गोधड्या आम्ही दोरीवर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या. पलंग-गाद्या परत आत आल्या. गोधडी वरचे आणि मधले स्वर शोषते. बेसचं ती फारसं काही बिघडवू शकत नाही. म्हणून ॲम्प कोपऱ्यातून काढून पुढे आणला. तेवढ्यानेही बराच फरक पडला.

दुसरी गोष्ट अंतराची. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. मी मीटरभर लांबून गात होते, ती वीतभर अंतरावर आले. म्हणजे बारा डेसिबलचा फायदा, तोही फुकट! 'प' आणि 'फ'चे फटके बसू नयेत म्हणून भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून माईकसमोर धरला.

तिसरी गोष्ट हावरटपणाची. आवाज मोठा यावा म्हणून आपण पट्टी लाल होईपर्यंत लेव्हल चढवतो. एकदा लहरीचं टोक कापलं गेलं की ते मूळचं टोक कोणतंही सॉफ्टवेअर जसंच्या तसं परत आणू शकत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करताना एका बिटचे सुमारे सहा डेसिबल होतात. वर बारा डेसिबल मोकळे सोडले तरी दोनच बिट गेले, बावीस शिल्लक! मग भीती कशाची?

आणि गिटारच्या मागची ती ५० हर्ट्झची घरघर? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतलं, गेली. (कोणी प्लगची तिसरी पिन कापायचा सल्ला दिला तर ऐकू नका. अर्थिंग जिवासाठी असतं.)

हे सगळं नवीन नाहीच. 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा बोलपट १९३२ चा. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोरच गायचे आणि ते तिथल्या तिथे टिपलं जायचं. नंतर मिक्सिंगमध्ये बघू, ही सोय नव्हती. कोण माईकजवळ, कोण लांब, हेच त्या काळचं मिक्सिंग. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली घरातल्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर डेमो केले. पुढे बँडबरोबर परत रेकॉर्ड करूनही शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये त्याहून जास्त ट्रॅक मावतात, आणि तरी आपण यादी करतो ती खरेदीची!

आता जे सांगायचं टाळत होते ते. ढोलकीवाल्याचे प्रॅक्टिकल खोटे होते. पाच हजार ही त्याच्या घरी बोलायचीसुद्धा गोष्ट नव्हती, आणि ते मला कळायला दोन महिने लागले. ज्या माईकची गरजच नव्हती, त्याच्यासाठी मी बँडमधला सगळ्यात चांगला वादक घालवला होता. एका रविवारी लोकल पकडून कामशेतला उतरले. तो देवळात भजनाला पखवाजावर बसला होता. भजन संपेपर्यंत मी मागे सतरंजीवर बसून राहिले. बाहेर आल्यावर म्हटलं, "चुकलं माझं. गोधड्या टांगल्यात, ये." तो हसला आणि म्हणाला, "ढोलकीला पण एक ठेव." पैशांचा विषय दोघांनीही काढला नाही.

तिसरा डेमो आम्ही पावसाची उघडीप बघून, जुन्या साध्या माईकवर, एकेकाचं वेगळं रेकॉर्डिंग करून केला. निवड झाली? नाही! पण यावेळचा शेरा होता : दुसरं कडवं फार लांबलंय. मी तो वाचून नाचायची बाकी राहिले होते. म्हणजे कुणीतरी दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकलं! शब्द कळले! डेमोकडून याहून जास्त मागू नये. गाणं फसलं तर गाण्यामुळे फसावं, खोलीमुळे नको.

म्हणून आपल्या जिमखान्याकडे माझी एकच मागणी आहे. बजेटमध्ये दरवर्षी नवा माईक मागायच्या आधी कुलपाची एक खोली द्या. हॉस्टेलच्या जुन्या गाद्या, दोन सतरंज्या, एक साधा डायनॅमिक माईक, आणि कोणी कधी वापरली याची एक वही. एवढ्यात चार बँडचे डेमो होतील, आणि कुणालाही पाच हजारांसाठी 'प्रॅक्टिकल आहेत' असं खोटं सांगावं लागणार नाही.

आमचा कंडेन्सर माईक सध्या कपाटात आहे. वाकळा अजून भिंतीवर आहेत. थंडी पडली की परत द्यायच्या, असं आजीने बजावलंय.