गस्तीच्या गाडीचे आयुष्य कोण ठरवते?

पालकमंत्र्यांनी हिरवा झेंडा दाखवायचा आणि कोऱ्या बोलेरोंची रांग पोलीस मुख्यालयातून बाहेर पडायची, हा सोहळा आता कोणत्याच जिल्ह्याला नवा नाही. पोलिसांना गाड्या मिळतात हे चांगलेच. पण जुनी गाडी कधी बदलायची हे तिच्या अवस्थेवरून ठरत नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी कधी हाती येतो, यावरून ठरते. एकाच वेळी आलेल्या गाड्या एकाच वेळी म्हाताऱ्या होतात आणि पुढचा निधी येईपर्यंत ठाण्यांना त्या कशाबशा रेटाव्या लागतात.

नियम आहेत, पण ते गस्तीचा विचार करून केलेले नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. ही झाली शेवटची मर्यादा. रोज धावणाऱ्या गाडीचे ते आयुष्य नव्हे. केंद्राच्या आर्थिक अधिकारांच्या जुन्या नियमांत हलक्या मोटारीसाठी दीड लाख किलोमीटर आणि साडेसहा वर्षे अशी अट होती, आणि यांपैकी जे नंतर पूर्ण होईल ते धरायचे होते. साहेबांना घर ते कार्यालय नेणाऱ्या मोटारीला हे ठीक. तीन पाळ्यांत मिळून रोज १५० किलोमीटर फिरणारी गाडी मात्र पावणेतीन वर्षांतच दीड लाखांवर जाते, आणि साडेसहा वर्षे भरेपर्यंत तिचा आकडा साडेतीन लाखांपुढे गेलेला असतो. बरे, हा आकडाही अर्धीच गोष्ट सांगतो. नाकाबंदीला, बंदोबस्ताला गाडी तासन्‌तास इंजिन चालू ठेवून जागच्या जागी उभी असते. अमेरिकेत पोलिसांच्या मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीच्या हिशेबाने असा एक तास म्हणजे इंजिनाची सुमारे ५३ किलोमीटरची झीज. आपल्या डिझेल गाड्यांना हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण मुद्दा तोच राहतो. शिवाय नव्या डिझेल गाड्यांतला काजळी अडवणारा फिल्टर सलग वेगाने धावल्याशिवाय नीट साफ होत नाही, आणि गस्तीच्या गाडीला सलग धावायला मिळते कुठे?

म्हणून निर्लेखनाचा निर्णय वयावर न ठेवता प्रत्येक गाडीच्या हिशेबावर ठेवावा: इंजिन किती तास चालले, वर्षभरात दुरुस्तीवर किती गेले, कार्यशाळेत किती दिवस मोडले. यावर पहिला आक्षेप पैशांचा असतो, आणि तो पोकळ नाही. देशातल्या २५७ पोलीस ठाण्यांकडे १ जानेवारी २०२० रोजी एकही वाहन नव्हते, अशी नोंद गृहविषयक संसदीय समितीने २०२२ मध्ये केली. मग चालती गाडी मोडीत का काढायची? पण महिन्यातले दहा दिवस कार्यशाळेत पडून राहणारी गाडी कागदावर पूर्ण एक मोजली जाते, हीच खरी फसगत आहे. दुरुस्तीचा खर्च एका लेखाशीर्षाखाली आणि खरेदी दुसऱ्या, त्यामुळे दोन्हींची बेरीज करायला कोणी बसत नाही. शिवाय गस्तीतून काढलेली प्रत्येक गाडी भंगारातच जायला हवी असे नाही. समन्स बजावणे, टपाल पोहोचवणे अशा हलक्या कामावर ती आणखी काही वर्षे काढू शकते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. अधिकाऱ्यांच्या हाती निर्णय दिला, तर धडधाकट गाडी निकामी ठरवून नवी पदरात पाडून घेतली जाईल. ही भीती खोटी नाही. महिलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या निर्भया निधीतून मुंबई पोलिसांसाठी २०२२ मध्ये घेतलेल्या बोलेरोंपैकी काही लोकप्रतिनिधींच्या सुरक्षेकडे वळवल्याच्या बातम्यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात वादळ उठवले होते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वयाची आंधळी अट ठेवा, असा नाही. ‘डायल ११२’च्या गाड्यांवर जीपीएस बसवलेलेच आहे. धाव आणि थांबण्याचे तास त्यातून काढा, परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाकडून तपासणी करून घ्या आणि निर्लेखित गाड्यांची यादी कारणांसह संकेतस्थळावर टाका. नवी गाडी कोणत्या ठाण्याची, हेही त्याच यादीत छापा.

गस्तीच्या गाडीचे आयुष्य सरासरी सात वर्षे धरले, तर दरवर्षी सातव्या हिश्शाच्या गाड्या बदलण्याची तरतूद लागेल. गृह विभागाने ती नियोजन समित्यांच्या मर्जीवर न सोडता येत्या अर्थसंकल्पात स्वतःच्या नावावर मागावी.