‘बार अँड रेस्टॉरंट’मधला ‘अँड’

हॉटेलांच्या पाट्या वाचत प्रवास करण्याची मला जुनी खोड आहे. धुळ्याहून जळगावला निघालं, की पारोळा येईतो दहा-बारा पाट्या वाचून होतात आणि एरंडोलपर्यंत मन अगदी तृप्त होतं. (मन म्हणतोय. पोटाचं पुढे सांगतो.) या पाट्यांवर देवांची नावं असतात, नद्यांची असतात, मालकाच्या मुलींची असतात. पण डोकं कुठलंही असलं तरी शेपूट ठरलेलं: ‘बार अँड रेस्टॉरंट’. पुष्कळ सज्जनांचा राग यातल्या ‘बार’ या शब्दावर असतो. माझा नाही. माझं भांडण आहे ते मधल्या ‘अँड’शी.

‘अँड’ म्हणजे ‘आणि’. मीठ आणि भाकर, टाळ आणि मृदंग, सासू आणि सून. म्हणजे दोघं शेजारीशेजारी, आपापल्या मानानं नांदणारी. (शेवटचं उदाहरण वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर घ्यावं.) पण आमच्या खानदेशातल्या या पाटीवर ‘आणि’ म्हणजे अजगर आणि कोंबडी यांच्यातला ‘आणि’ आहे. बारनं रेस्टॉरंट कधीच गिळलं. पाटीवर फक्त पिसं उरली आहेत.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर लेख छापून आल्यावर दोन्ही बाजूंची पत्रं येतील. मी दारूबंदीचा प्रचारक नाही. तसं व्हायला आमच्या भागात वातावरण चांगलं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. १९३६ साली खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं ते आमच्या फैजपूरला. इतकी पुण्याई पाठीशी असलेल्या माणसानं बारवर लिहावं का, असं एका स्नेह्यानं मला विचारलं. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही मे महिन्यात दुपारी तीन वाजता भुसावळ स्टेशनच्या बाहेर उभे राहा आणि मग विचारा. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला, की कुणाला पन्हं आठवतं, कुणाला बिअर. ज्याला जे आठवतं ते त्यानं आपल्या पैशानं, आपल्या प्रकृतीला झेपेल इतकं प्यावं. माझी तक्रार पिणाऱ्याविषयी नाही. त्याच्यासाठी जी जागा उभारली आहे, तिच्याविषयी आहे.

या जागेचं मूळ आमच्या कायद्यात आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. पुढे बंदी सैल होत गेली, पण कायद्याचं नाव आणि चेहरा बंदीचाच राहिला. दारू पिणाऱ्यानं परवाना घ्यायचा, आणि तो कशासाठी, तर आरोग्याच्या जपणुकीसाठी! म्हणून त्या खोलीचं नाव ‘परमिट रूम’. मी अशा अनेक खोल्या पाहिल्या. तिथे आपलं आरोग्य जपत बसलेली मंडळी रात्री अकराच्या सुमारास कशी दिसतात, तेही पाहिलं. वयाचंही असंच. आमच्याकडे मत द्यायला अठरा वर्षं पुरतात, मुलाला लग्न करायला एकवीस लागतात, आणि व्हिस्की प्यायला पंचवीस. म्हणजे बायको करण्यापेक्षा व्हिस्की पिण्याला चार वर्षं जास्त अक्कल लागते, असं सरकारचं मत दिसतं. बिअर मात्र एकविसाव्या वर्षी चालते. लग्न आणि बिअर एकाच वर्षी सुरू करायला परवानगी देणाऱ्या कायद्याला संसाराचा काही अनुभव नाही, असं कोण म्हणेल?

जिथे कायदाच असा तोंडावर पदर घेऊन बोलतो, तिथे हॉटेलवाल्यानं दिवा घालवला तर त्याचा काय दोष? दिवा घालवणं हेच आमच्या बारचं मुख्य सामान. काचा काळ्या, पडदे तपकिरी, छताला लाल बल्ब. आत शिरलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं आपण कुणाच्या मांडीवर बसलो हेही कळत नाही. ही सोय कशासाठी? तर शेजारच्या टेबलावर आपल्या मुलाचे शिक्षक बसलेले असतील, त्यांना आपण दिसू नये आणि त्यांनी आपल्याला दिसू नये. आषाढाची अमावस्या खरी दिव्यांची. बायका घरोघरी समया घासतात, कणकेचे दिवे करतात, ओळीनं मांडून पूजा करतात. आणि त्याच संध्याकाळी, श्रावण लागायच्या आत उरकून घ्यावं म्हणून, घरचा कर्ता पुरुष गावातली सगळ्यात कमी दिव्यांची जागा शोधत निघतो!

हे सगळं विनोदाचं झालं. आता पोटाचं सांगतो.

गेल्या वर्षी एका लग्नाहून आम्ही धुळ्याकडून परतत होतो. गाडीत मी, सौभाग्यवती, पुतणी आणि अमळनेरच्या आत्या. आत्यांचं वय चौऱ्याहत्तर आणि बोली अस्सल अहिराणी. लग्नातल्या पंगतीत त्यांना काही रुचलं नव्हतं. आठ वाजता भूक लागली. रस्त्यावर एक मोठं हॉटेल दिसलं. नाव सांगत नाही. तुम्ही ज्या हॉटेलात शेवटचे फसलात ते नाव इथे घालून वाचा. दारातल्या माणसानं आमच्यातल्या तीन बायका बघितल्या आणि तो चोर आल्यासारखा पुढे धावला. “फॅमिली मागे! फॅमिली मागे!”

फॅमिली मागे होती. स्वयंपाकघराच्या बोळातून, रिकाम्या बाटल्यांचे खोके ओलांडून, एका दहा बाय बाराच्या खोलीत. प्लायवूडची पार्टिशनं, प्रत्येक कप्प्याला पडदा. पुढे पंखे होते, कूलर होता, टीव्हीवर क्रिकेट होतं. मागे एक ट्यूब होती आणि ती स्वतःच्या लहरीनं पेटत होती. पुढच्या दालनातले पुरुष राजे आणि मागे आम्ही त्यांच्या राज्यातले निर्वासित.

वेटर आला. दूर कुठल्या मुलखातलं पोर असावं; मराठी जेमतेम, अहिराणीचा गंध नाही. आत्यांनी विचारलं, “भाऊ, शेवभाजी शे का?”

तो म्हणाला, “पनीर टिक्का है, आंटी.”

“कळण्यानी भाकर?”

“बटर नान, तंदुरी रोटी, हक्का नूडल्स.” मग सवयीनं त्यानं कागद-पेन्सिल सरसावली. “और ड्रिंक में?”

आत्या म्हणाल्या, “ताक.”

“ताक नहीं है. सोडा है.”

“सोडा कपडा धुवाले लागस, भो,” आत्या म्हणाल्या आणि उठल्या. रात्री साडेदहाला घरी येऊन त्यांनी दूध-भाकरी खाल्ली. वाटेत पुतणीनं एकच विचारलं, “काका, आपल्याला मागे का बसवलं? आपण तर पीत नव्हतो.” त्या पोरीच्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही, म्हणून हा लेख.

ज्या मातीत भरताचं वांगं पिकतं, त्या मातीतल्या हॉटेलात भरीत नाही! जळगावच्या केळ्याला आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दिल्लीपर्यंत त्या वांग्याचं नाव पोचलं. धुळे-जळगाव रस्त्यावरच्या मेनू कार्डापर्यंत काही पोचलं नाही. हिवाळ्यात शेतात काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायची आणि कळण्याच्या पुऱ्यांबरोबर बायका-पोरांसकट पंगत मांडायची, ही आमची रीत. पाटोडीचा रस्सा, डुबुकवडे, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे. एवढी दौलत घरात असताना बाहेर आम्हाला चारतात काय, तर लाल रंगाची ग्रेव्ही. पालकात तीच, कोफ्त्यात तीच, पनीरमध्ये तीच. शेवभाजी क्वचित मिळते, तीही बाटलीबरोबर तिखट लागावं म्हणून. जेवण हे तिथे जेवण राहिलेलंच नाही. ते चखण्याचा थोरला भाऊ झालं आहे.

मी एका ओळखीच्या हॉटेलवाल्याशी यावर भांडलो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, भरताच्या ताटात काय सुटतं? परवान्याची फी दरवर्षी भरावी लागते. पिणारा तीन तास बसतो आणि दर अर्ध्या तासाला काहीतरी मागवतो. तुमची आत्या अर्ध्या तासात जेवून उठणार.” हिशेब चूक नाही. पण मी त्याला एकच आठवण दिली. परमिट रूमचा परवाना हॉटेलला, खाणावळीला मिळतो. चार भिंती आणि एक फ्रीज दाखवला म्हणून मिळत नाही. म्हणजे कागदोपत्री तुझं घर आत्यांच्या ताटावर उभं आहे. ज्या चुलीच्या नावावर परवाना काढलास, तिलाच तू बोळात नेऊन बसवलीस. यावर तो हसला आणि त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. चहा अर्थातच बाहेरच्या टपरीवरून आला.

आणि ही लपवाछपवी फक्त हॉटेलवाल्याचीच आहे असं समजू नका. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला. पुढे वीस हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावांसाठी हे अंतर दोनशेवीस मीटर केलं. कारण साधं होतं: दारू पिऊन गाडी हाकणारे मरतात आणि मारतात. १ एप्रिल २०१७ पासून अंमल सुरू व्हायचा. दारू रस्त्यापासून हलवायची होती. आमच्या शहाण्यांनी रस्ताच दारूपासून हलवला. जळगाव शहरातले राज्यमार्ग महापालिकेकडे वर्ग करण्याचा आदेश मार्च संपता संपता निघाला. रस्ता तोच, खड्डे तेच, बारही तेच; एका सहीत तो राज्यमार्गाचा गल्लीबोळ झाला. कर्जाच्या ओझ्यानं आधीच वाकलेल्या महापालिकेच्या पाठीवर त्या खड्ड्यांची देखभाल बसली. केरळातल्या परवूरच्या एका बारवाल्यानं तर दाराशी पोचायला नागमोडी वाट बांधली, म्हणजे चालायचं अंतर वाढावं! बिचारा निदान गिऱ्हाइकाला चालवत तरी होता. शेवटी जुलै २०१७ मध्ये न्यायालयानंच सांगितलं, की नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी नाही.

या साऱ्या मोजमापात एक गोष्ट कुणी मोजली नाही. पाचशे मीटर असो की पाच, प्यालेला माणूस घरी जाणार कसा? धुळे म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-कोलकाता या दोन महामार्गांचा चौक. रात्रंदिवस मालमोटारी धावतात. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं, की तो गुन्हा. २०१९ पासून पहिल्या वेळेलाच दहा हजारांचा दंड, नाहीतर तुरुंग, नाहीतर दोन्ही. आणि त्याच रस्त्यावर बारच्या पाटीखाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: ‘भव्य पार्किंगची सोय’. इतकी वर्षं विनोदी लेखन करतोय, पण याच्या तोडीचा विनोद मला एकदाही साधलेला नाही. फरक इतकाच, की माझ्या विनोदानं आजवर कुणी मेलेलं नाही.

तेव्हा माझ्या मागण्या लिहून घ्या. एक, दिवे लावा. ज्याला उजेडात प्यायला लाज वाटते त्यानं घरी ताक प्यावं. ज्याला वाटत नाही त्यानं खुशाल तोंड दाखवून प्यावं. उजेडात माणूस कमी पितो आणि बिलही नीट वाचतो. दोन, पुढचं दालन जेवणाऱ्यांचं आणि मागचं पिणाऱ्यांचं. खोके ओलांडायचा अनुभव आरोग्य जपणाऱ्यांनी घ्यावा. तीन, मेनू कार्डावर भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ताक, हे चार पदार्थ कायमचे. चार, प्यालेल्याला घरी पोचवायला एक ड्रायव्हर ठेवा आणि त्याचा पगार बिलात लावा. सोड्याचे पैसे लावताच ना?

हॉटेलवाले म्हणतील, हे सगळं आम्ही का ऐकावं? तर एका कारणासाठी ऐका. आमच्या राज्यात गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायकांना दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, की दुकानाला टाळं. म्हणजे बघा, ज्या जागेत बाईला सुखानं बसून जेवता येत नाही, ती जागा बंद करण्याचा मात्र तिला अधिकार आहे. तुम्ही तिला दुसरं काही दिलंच नाहीत. घरातला पगार त्या काळ्या काचेआड जातो, नवरा त्यातून रात्री बाराला बाहेर येतो, आणि आत काय आहे हे तिनं कधी पाहिलेलंच नसतं. मग ती उभी बाटली कुणासाठी ठेवेल?

आमच्या आत्या परवा फोनवर विचारत होत्या, हे मतदान अमळनेरला कधी असतं. मी म्हटलं, “आत्या, आधी त्यांना शेवभाजी ठेवायची एक संधी देऊ.” त्या म्हणाल्या, बरं, दिवाळीपर्यंत थांबते. हॉटेलवाल्यांनो, तारीख लिहून ठेवा.