बाटलीतली गाठ

दुसरबीडच्या एखाद्या बाईच्या स्तनातली गाठ पुष्कळदा जवळच्याच नर्सिंग होममध्ये काढली जाते. गाठ बाटलीत जाते, बाटली नातेवाइकाच्या पिशवीत आणि पिशवी एसटीने जालन्याच्या लॅबकडे. बाटलीत कधी फॉर्मॅलिन असते, कधी नुसते सलाइन. शस्त्रक्रिया शनिवारी झाली असेल तर लॅब उघडणार सोमवारी. पुढचे उपचार छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईत ठरतात, पण ते ज्या तपासण्यांवरून ठरायचे त्यांचे भवितव्य या दोन दिवसांत बरेचसे ठरून गेलेले असते. अशा तपासण्यांत जीन एक्स्प्रेशन, म्हणजे पेशीत कोणती जनुके किती वाचली जात आहेत याचे मोजमाप, म्हटले की आपल्याला कोट्यवधींची यंत्रे आठवतात. आम्हाला या वेळी त्या बाटलीविषयीच लिहायचे आहे.

महाराष्ट्रातलेच एक काम पाहू. मेड्युलोब्लास्टोमा हा मुख्यतः मुलांमध्ये आढळणारा, लहान मेंदूतला कर्करोग. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या गाठी असलेल्या दोन मुलांपैकी एक बरे होते, दुसरे हातचे जाते, असे का, याचे उत्तर पेशीत कोणती जनुके जोरात वाचली जात आहेत यावरून मिळाले. विंट, सॉनिक हेजहॉग, गट 3 आणि गट 4 असे चार प्रकार निघाले. विंट गटातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुले योग्य उपचारांनी वाचतात, गट 3 मधल्या मुलांची स्थिती सर्वांत कठीण. हे वर्गीकरण आधी मायक्रोअ‍ॅरेवर झाले, त्यासाठी ताजा गोठवलेला ऊतक लागे. आपल्याकडे तो कुठून आणायचा?

खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने याच अडचणीला हात घातला. 2013 साली ‘न्यूरो-ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात 44 नमुने गोठवलेले होते आणि 59 पॅराफिन ब्लॉकमधले. 12 प्रथिन-संकेतक जनुके आणि 9 मायक्रोआरएनए एवढ्यांचीच पातळी साध्या रिअल-टाइम पीसीआरने मोजून चारही गट 97 टक्के अचूकतेने ओळखता आले. निवडीतली हुशारी मायक्रोआरएनएत आहे. फॉर्मॅलिन आणि पॅराफिनमधून जाताना लांब आरएनएचे तुकडे होतात. मायक्रोआरएनए मुळातच बाविसेक न्यूक्लिओटाइडचा, त्यामुळे तो बऱ्यापैकी शाबूत राहतो. शिवाय नुसते वर्गीकरण करून हे काम थांबले नाही: विंट आणि हेजहॉग वगळता उरलेल्या गाठींत ज्यांत मिर-182 वाढलेला किंवा मिर-592 घटलेला होता, त्या मुलांचे जगण्याचे प्रमाण कमी निघाले.

विंट गट इतका सौम्य का, याचेही उत्तर 2016 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आले. या गाठीच्या पेशी विंट संकेताला रोखणारे रेणू बाहेर सोडतात, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्यांना रक्त-मेंदू अडसर नीट उभारता येत नाही आणि केमोचे औषध गाठीत भरपूर शिरते. आजार कसा चालतो आणि औषधाला दाद का देतो, या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच जागी सापडण्याची अशी उदाहरणे थोडीच.

पण इथेच घाई नडते. विंट गाठी एवढ्या सौम्य, तर मुलांच्या बुद्धीला आणि वाढीला महाग पडणारे संपूर्ण मेंदू-मणक्याचे रेडिएशन टाळता येईल का, हे टाटा मेमोरियलने ‘फॉर-विंट’ चाचणीत तपासले. फक्त गाठीच्या जागेवर रेडिएशन दिले. मूळ जागी आजार आटोक्यात राहिला, पण मेंदू-मणक्यात इतरत्र तो परतू लागला, आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. 2022 मध्ये हा निष्कर्ष आडपडदा न ठेवता प्रसिद्ध झाला. आमच्या मते मोठ्या यशाइतकाच तो मोलाचा आहे. आजाराचा कल कुठे आहे हे जनुकांचा अहवाल सांगतो. उपचार किती कापायचे, हे मात्र चाचणी घेऊनच कळते. स्तनाच्या कर्करोगात 21 जनुकांच्या तपासणीला असे चाचणीचे पाठबळ मिळाले ते दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या ‘टेलर-एक्स’ चाचणीतून, 2018 मध्ये. या तपासणीत मधले गुण आलेल्या बहुतेक स्त्रियांना, विशेषतः पन्नाशीपुढच्या, केमोचा वेगळा फायदा नव्हता. ही तपासणी आपल्या बहुतेक रुग्णांच्या ऐपतीबाहेरची आहे हे खरेच.

म्हणून पुन्हा बाटलीकडे. 21 जनुके राहू द्या, ईआर, पीआर आणि हर-2 ही रोजची तपासणीसुद्धा याच बाटलीवर अवलंबून असते. गाठ निघाल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मॅलिन दहा टक्के आणि बफर केलेले हवे: बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग, पाणी नऊ भाग, आणि लिटरमागे 4 ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट व 6.5 ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या बफरविना फॉर्मॅलिनमध्ये फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते न्यूक्लिक आम्लांना खाते. द्रावण गाठीच्या दहापट हवे. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कोंबलेल्या गाठीला ते कुठून मिळणार? मोठी गाठ अखंड टाकली तर मधला भाग सडतो, कारण फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत जाते. तेव्हा कडांना शाई लावून तिला चीर द्यावी, आणि चीर कशी द्यायची हे आधी पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारावे. फॉर्मॅलिनमधला एकूण काळ सहा तासांपेक्षा कमी नको, 72 तासांपेक्षा जास्त नको. शनिवारी सकाळी काढलेली गाठ सोमवारी सकाळी लॅबमध्ये पोचली तर या हिशेबात बसते, मंगळवारी दुपारी पोचली तर नाही.

दोन वेळा कागदावर हव्यात: गाठ बाहेर आली ती आणि फॉर्मॅलिनमध्ये गेली ती. बहुतेक मागणीपत्रांवर यांसाठी रकानाच नसतो. तो असलेला एक नमुना या अंकाच्या मलपृष्ठावर छापला आहे, तो झेरॉक्स करून वापरावा. लॅबचालकांना विनंती अशी की, रकाना कोरा असलेली बाटली आली तर ती परत न पाठवता संबंधित डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा, आणि रुग्ण मुंबईला निघाला की अहवालासोबत ब्लॉकही मागण्याची वाट न पाहता हातात द्यावा.