दुसऱ्याच कामाचे फोटो

परवा जेवताना मामांनी विचारलं, "काय रे, फुग्याला कॅमेरे बांधून ढगांचे फोटो काढायचे, याचा उपयोग काय?" तोंडात घास होता, उत्तर राहिलं. म्हणून इथे लिहितोय.

हे साधे ढग नव्हेत. जमिनीपासून सुमारे ८० किमी उंचीवर, बर्फाच्या बारीक कणांचे. दूर उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर निळसर-रुपेरी चमकतात. आपल्याकडून दिसत नाहीत, तेव्हा गच्चीवर जाऊ नका!

२०१२-१३ च्या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा) अंटार्क्टिकावर 'ईबेक्स' नावाची दुर्बीण फुग्यातून उडाली. तिचं काम विश्वाच्या जन्माच्या काळातला प्रकाश मोजण्याचं. दुर्बिणीची दिशा कळावी म्हणून ताऱ्यांचे फोटो काढणारे कॅमेरे जोडले होते. त्या फोटोंत तारे आलेच, पण मागे हे ढगही आले. कुणीही म्हणालं असतं, खराब झाले फोटो. पण कुणीतरी ते नीट पाहिले, आणि ढगांत इतक्या बारीक लहरी अन् भोवरे सापडले की २०१८ च्या जुलैत खास ढगांसाठीच 'पीएमसी टर्बो' हा नासाचा फुगा स्वीडनमधून सोडला गेला. सात कॅमेरे, कॅनडापर्यंत पाच दिवसांचा प्रवास, सुमारे ६० लाख फोटो.

फुगाच का? तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, उजेडात जमिनीवरून ढग दिसणार कसे? फुगा बहुतेक सगळ्या हवेच्या वर तरंगतो, तिथे भरदिवसाही आकाश काळं. उपग्रह झरकन पुढे निघून जातो. फुगा मात्र रेंगाळतो, त्यामुळे एखादी लाट फुटताना सलग बघता येते. डोंगरांवरून, वादळांतून उठलेल्या हवेच्या लाटा वर चढत जातात आणि समुद्राच्या लाटेसारख्या फुटतात. (या 'गुरुत्वीय लहरी' नव्हेत, त्या कृष्णविवरांच्या! नावाचा घोळ इंग्रजीतही आहे.) त्या फुटण्याचा परिणाम वरच्या वाऱ्यांवर होतो. हवामानाचं गणित करणाऱ्यांना हे लागतं, मामा, हा झाला उपयोग.

माझं भांडण दुसरंच आहे. फुगा उडवायला पैसा मिळतो, बातमी होते. ६० लाख फोटो बघत बसणाऱ्याला कोण विचारतं? ईबेक्सचे फोटो 'आपलं काम नाही' म्हणून पुसले असते, तर दुसरा फुगा उडालाच नसता. माझं म्हणणं एवढंच, की जितका खर्च कॅमेऱ्यावर, निदान तितका तरी बघणाऱ्यांवर व्हावा.

मामा, पुढच्या रविवारी येतोच. तेव्हा भांडू.